पेज लावलेला धागा

बहात्तर साली माझा प्रबंध सोमवारी विद्यापीठात जायचा होता, आणि तो गेला तरच कळमेश्वरच्या कॉलेजातली नोकरी मिळणार होती. प्रबंधाचं म्हणणं एवढंच की पदार्थात धन आणि ऋण विद्युतभार तंतोतंत सारखे असतात, शिल्लक शून्य. त्यासाठी मी भार न वाहणाऱ्या रेशमी धाग्यावर पितळी भांडं टांगायची, त्यातला वायू हळूहळू सोडायची आणि भांड्यावर काही भार मागे राहतो का ते पाहायची. दोन वर्षं भार मोजायच्या यंत्राचा काटा ढिम्म हलला नाही, आणि मी खुशीत होते.

मंगळवारी धागा तुटला. तो आणून बांधायचं काम प्रयोगशाळेतले मदतनीस रुपरावभाऊ यांचं. ते उमरेडच्या विणकरांच्या घरचे, आणि नेमके रजेवर. मी इतवारीच्या बाजारातून धागा आणून टांगला, तर काटा हलला! पाच वेळा केलं, पाचही वेळा हलला. माझं डोकंच चालेना. जगभर शून्य येतं आणि माझ्या, पुष्पलता मेश्रामच्याच, हाती पदार्थ बिघडतो?

शुक्रवारी रुपरावभाऊ आले. धागा बोटांत धरून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हा तं कोराच हाय वं पोरी. याले पेज काहून नाही लावली?"

"कसली पेज?"

"तांदळाची. बिनापेजेचा धागा आमच्यात कोणी मागावर चढवते का? तुटते ना! तुह्यासाठी मी दरवेळी घरून पेज लावूनच आणत होतो."

पेज हवेतली ओल धरते, आणि ओल्या धाग्यावरून भार निमूट निघून जातो. म्हणजे माझं शून्य खोटं. पण नवा भार तरी खरा कशावरून? वायू तोटीला घासूनही भार येतो. मला काहीच कळेना. रुपरावभाऊंवर ओरडावंसं वाटलं, पण धाग्यावरून भार गळतो का, हे मी फक्त पहिल्या दिवशी, बाजारातून आणलेल्या कोऱ्या धाग्यावर तपासलं होतं. चूक माझीच होती, आणि त्याची मला लाज वाटली.

"मंग खरं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"मले माहीत नाही, भाऊ."

"मी कोणाले सांगत नाही. तू प्रबंध देऊन टाक."

टाइप केलेल्या चार प्रती टेबलावर होत्या. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर शून्य होतं. मी चारही कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं.

सोमवारी प्रबंध कपाटातच राहिला, आणि रुपरावभाऊंनी कोरा धागा आणला. बांधताना त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली.

"हा तुटला तं मले बोलू नको."

"तुटू द्या," मी म्हणाले.