बांधावरचं रान

सांडोरच्या रॉबर्टच्या वाडीवर ड्रोन घिरट्या घालू लागला, तेव्हा तो कारल्याच्या मांडवाखाली उभा होता. मान वर करून तो एवढंच म्हणाला, "आला बिल्डर."

त्याचं तरी काय चुकलं? शेजारच्या दोन वाड्यांवर इमारती उठल्या, त्याआधी तिथेही कोणीतरी मोजमाप करून गेलंच होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

ड्रोन उडवणारी मुलगी रस्त्यावरच उभी होती. रॉबर्टने तिला गाठलं. "तू कोणाची गं?"

"गिरीजच्या मार्क मास्तरांची, ॲनिशा. कॉलेजात शिकवते, अंकल. मधमाश्यांना, भुंग्यांना राहायला जागा कुठे उरलीय ते आम्ही वरून बघतोय. महिन्याने परत येऊन पुन्हा फोटो काढणार."

"माश्या बघायला आभाळात जायचं? मला काय दुधखुळा समजलीस?"

ती हसली. त्या हसण्याने तर त्याची खात्रीच पटली.

घरी बायको थेरेसा म्हणाली, "मास्तरांनाच विचार ना सरळ."

"विचारलं की सावध होतील. आणि मास्तरांची असली म्हणून काय झालं? बिल्डरही कोणाचे तरी जावईच असतात."

शेजारच्या स्टॅनीच्या वाडीला लागून असलेल्या बांधावर रान माजलं होतं. घाणेरी, रानतुळस आणि मधोमध भुंग्यांनी पोखरलेलं आंब्याचं वठलेलं खोड. वरून ही जागा पडीक दिसणार, असं रॉबर्टच्या मनाने घेतलं. एकदा पडीक म्हटलं की गिळायला सगळे मोकळे. बापजाद्यांची वाडी अशी जाऊ द्यायची? त्याने कोयता काढला, बांध साफ केला, पाला जाळला आणि खोडही तोडून चुलीला लावलं. बांध अंगणासारखा लख्ख झाला.

"आता काढ म्हणावं फोटो," तो म्हणाला.

पुढे कारल्याला फुलं भरपूर आली, पण फुलांमागची इवली कारली पिवळी पडून गळू लागली. स्टॅनीच्या मांडवावरही तेच. स्टॅनीचं सगळं घर त्या कारल्यांवर चालायचं, तो बिचारा हवालदिल झाला.

"त्या पंख्याचं वारं बाधलं," रॉबर्टने त्याला ठासून सांगितलं. "येऊ दे ती पोरगी, जाबच विचारतो."

ॲनिशा आली, ड्रोन उडवून खाली उतरवला आणि रॉबर्टने तोंड उघडायच्या आतच टॅबलेट त्याच्यासमोर धरला. चेहरा पडला होता तिचा.

"अंकल, हा पहिला फोटो. ही हिरवी पट्टी बघा, तुमचा बांध. अख्ख्या सांडोरात आम्हाला सापडलेली सगळ्यात चांगली जागा. आजूबाजूच्या मांडवांवर फळ धरायला लागणाऱ्या माश्या, भुंगे इथूनच जात होते. आणि हा आजचा." तिथे नुसती पांढरी रेघ होती. "इथे काय झालं?"

रॉबर्ट दोन्ही फोटोंकडे बघत राहिला.

"परत उगवेल ना?"

"झुडपं उगवतील. खोडातल्या भुंग्यांचं नाही सांगता येत."

बोलणं ऐकून स्टॅनी पलीकडून बांधापाशी आला. आडवं यायला आता काही नव्हतंच, तो सरळ समोर उभा राहिला.

"काय रे रॉबर्ट, विचारलंस तिला? काय म्हणते? कोणी मारली माझी कारली?"

ॲनिशाने टॅबलेट खाली घेतला. थेरेसाही दारात येऊन थांबली.

"मी," रॉबर्ट म्हणाला.