पाठ केलेला जबाब

शिकवणीच्या सरांनी केलेलं दुष्कृत्य सांगताना माझी नात मृणाली अडखळू नये, म्हणून मी रोज शुभंकरोतीनंतर तिच्याकडून जबाब पाठ करून घेतला. साध्या साडीत घरी आलेल्या फौजदार निशाबाईंपुढे तिने तो एका दमात म्हटला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “माई, हे तुम्ही शिकवलंत? कोर्टात त्यांचा वकील हेच धरेल, आणि तो माणूस सुटेल. जरा बाहेर बसा बघू.”

ओटीवर मी बसले, उठले, परत बसले. जपाचा एक मणी पुढे सरकेना. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात आतलं काही कळेना.

भारनियमनाची वेळ झाली, लूम थांबले, आणि आतून निशाबाईंचा आवाज आला.

“तुझ्या शब्दांत सांग, बाळा. घाई न्हाय.”

“आधी एक सांगू? आजी रोज म्हणायला लावते ना, तेव्हा मला परत तस्संच वाटतं.”