तिहामेरच्या नावाचं प्रोफाइल

सोमवारी क्लबात येऊन तिहामेरने संगणक लावला, आपल्या नावावर टिचकी दिली, आणि जागच्या जागी थबकला. पट उलटा होता. शुक्रवारी त्याने पांढऱ्याच्या बाजूने ठेवला होता, आता काळी मोहरी खाली, त्याच्या बाजूला उभी होती. कोणीतरी त्याच्या प्रोफाइलमध्ये शिरलं होतं.

बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हिवाळ्यात आली, तोवर सगळ्या क्लबाची मिळून एकच मांडणी होती. कोणी पट हिरवा करी, कोणी मोहरी बारीक करी, आणि मागून येणारा त्याच्या नावाने बोटं मोडी. आता प्रोग्रॅम उघडला की आधी नावांची रांग दिसे. आपलं नाव निवडलं की आपला पट, आपली अक्षरं, आपला अभ्यास. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली ती तिहामेरने, त्यामुळे क्लबाची जुनी मांडणी जशीच्या तशी त्याच्या नावाखाली गेली. बाकीच्यांच्या वाट्याला कोरी पाटी आली.

त्या वेळी बोग्लार्का म्हणाली होती, "तिहामेरकाका, हे कुलूप नाही हं. कोट अडकवायच्या खुंट्या आहेत नुसत्या. कोणीही कोणाचाही काढू शकतो."

तेव्हा तो हसला होता. आज त्याला वाटलं, ह्या पोरीला हे इतकं बरोबर कसं ठाऊक?

बोग्लार्का क्लबातली सगळ्यात तल्लख खेळाडू. पण तिसा नदीपलीकडचा क्लब तिला बोलावत होता, हे आता लपून राहिलं नव्हतं. त्यांच्या कप्तानाबरोबर ती कॉफी पिताना दिसली होती. येत्या रविवारी गाठ त्याच क्लबाशी होती आणि हरलं तर पहिल्या गटातून खाली जावं लागणार होतं. तिहामेर तरुणपणापासून ह्या क्लबाचा कप्तान. आपल्या हातून क्लब खाली जाणं ही कल्पनासुद्धा त्याला सोसवत नव्हती.

ती आली. खांद्यावरची पिशवी उतरवत म्हणाली, "काय काका, सकाळी सकाळी चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा?"

"तू शनिवारी आली होतीस इथे?"

"आले होते की. का?"

"काही नाही," तिहामेर म्हणाला. मनात म्हणाला, कबूल तरी किती सहज करते!

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने सापळा लावला. त्याच्या आवडत्या सुरुवातीत, पांढऱ्याने राजासमोरच्या प्याद्यावर उंट बळी द्यायचा, अशी एक चाल त्याने लिहिली. दिसायला झगझगीत. पण काळ्याने घोडा मुकाट्याने मागे घेतला की सगळा हल्ला फुसका ठरे. घोड्याची ती चाल त्याने लिहिलीच नाही. उंटापुढे मात्र उत्तम चालीची दोन उद्गारचिन्हं ठोकली. ही चाल रविवारी ज्याच्या हातून पटावर येईल, तो चोर किंवा चोराचं गिऱ्हाईक. कोणाला तरी सांगावं असं त्याला एकदा वाटलं. पण कोणावर विश्वास ठेवायचा?

रविवारी सभागृहात चीजच्या खाऱ्या पोगाच्यांचा, म्हणजे छोट्या गोल पावांचा, वास भरला होता. तिहामेर स्वतः भलतीच सुरुवात खेळला आणि दर थोड्या वेळाने उठून बोग्लार्काच्या मागे जाऊन उभा राहत होता. तिचा डाव अगदी वेगळा होता. पलीकडच्या क्लबाच्याही कोणी उंटाचा बळी दिला नव्हता. मग त्याची नजर शेवटून दुसऱ्या पटाकडे गेली.

तिथे वेंदेल बसला होता. त्याच्याच क्लबातला, शाळेपासूनचा सोबती. त्याचा पांढरा उंट राजासमोरच्या प्याद्याच्या जागी उभा होता आणि वेंदेल खुशीत मिशी कुरवाळत होता.

डाव चालू असताना कोणी कोणाशी बोलायचं नसतं. आणि बोलून काय होणार होतं? समोरच्या मुलाने बराच विचार केला आणि घोडा मागे घेतला.

बोग्लार्का जिंकली. तिहामेरने बरोबरी केली. सगळ्यात शेवटी वेंदेलने हात पुढे करून हार मानली, आणि क्लब खाली गेला.

"माझ्यामुळे गेलं रे," वेंदेल म्हणाला. तो मोहरी पुन्हा मांडत होता. "तुझाच डाव होता, तिहामेर. शनिवारी काळ्याकडून तपासून पाहिला, मग गुरुवारी बघतो तर उंटाची नवी चाल. म्हटलं, ह्याची चाल म्हणजे बघायलाच नको."

"माझ्या नावात शिरून?" तिहामेरने विचारलं.

"तुझं नाव कसलं? तिथे क्लबाचा जुना पट आहे, मोठ्या अक्षरांचा. माझ्या नावावर टिचकी दिली की मुंग्यांएवढी मोहरी येतात. मी पहिल्यापासून तिथेच बसतो. ते एक असो. माझं कुठे चुकलं तेवढं दाखव."

बोग्लार्का पोगाचा खात जवळ येऊन उभी राहिली. वेंदेलने उंट प्याद्यावर आणला, राजाने तो घेतला, पांढरा घोडा पुढे आला, वजीर कडेला आला. वेंदेल थांबला. तिहामेरचा हात आपोआप गेला आणि त्याने काळा घोडा मागे नेऊन ठेवला.

बोग्लार्काचं चावणं थांबलं. "काका, त्या मुलाला ही चाल सापडायला अर्धा तास लागला. तुम्हाला लगेच दिसली?"

तिहामेरने घोड्यावरचा हात मागे घेतला.

"तुम्हाला आधीच ठाऊक होती," ती म्हणाली. "मग लिहिली का नव्हती? कोणासाठी नव्हती लिहिली?"

तो तिच्याकडे बघू शकला नाही, आणि तेवढ्यानेच तिला कळलं. तिने उरलेला पोगाचा रुमालात गुंडाळला आणि कोट घालून बाहेर पडली.

वेंदेल अजून पटाकडेच बघत होता. त्याने काळा घोडा उचलून पुन्हा पुढे ठेवला, मग मागे, मग पुन्हा पुढे. नंतर हळू आवाजात विचारलं, "आणि मी? माझ्यावर होता का रे तुझा संशय?"

"नाही," तिहामेर म्हणाला. "तुझा विचारच आला नाही मनात."

"संशय घ्यायलाही नाही आणि विश्वासाने सांगायलाही नाही," म्हणत वेंदेल उठला आणि मोहरी पेटीत भरू लागला.