पहिल्या ओळीची जागा

देशाचं नवं नाव जुन्यापेक्षा लांब होतं, आणि शिळा काही ताणून वाढत नाही. पाथरवट सकाळपासून कचेरीतल्या साहेबांना हेच सांगत होता.

"मग दोन ओळींत बसवा," साहेब म्हणाले.

"दुसऱ्या ओळीत माणसं आहेत, साहेब."

चौकातल्या शिळेवर वर देशाचं नाव होतं, परक्या राज्यकर्त्यांनी ठेवलेलं. त्याखाली त्यांच्याशी लढून मेलेल्यांची नावं, मेले त्या क्रमाने. पहिलं नाव पाथरवटाच्या भाच्याचं. मामानेच कोरलेलं.

"अक्षर बारीक केलं तर एका ओळीत मावेल."

"देशाचं नाव बारीक? हुकूम आहे, अक्षर वीतभरच हवं. त्या मुलाला मागच्या, भिंतीकडच्या बाजूला घ्या. उद्या पडदा उघडायचाय, घोळ घालू नका."

मुलाची आई, पाथरवटाची थोरली बहीण, तिथेच उभी होती.

"नाव बदला की," ती म्हणाली. "मालकाने कुत्र्याला ठेवावं तसलं नाव, मलाही नकोच होतं. पण नवं बसवायला माझ्याच लेकराला भिंतीकडे तोंड करून उभं करता?"

"बाई, तुमच्या भावना समजतात..."

"डोंबल समजतं! गोळी सुटली तेव्हा याच कचेरीत होतात ना? तेव्हा त्यांची री ओढलीत, आता यांची. राज्य गेलं, तुमची खुर्ची तेवढी सुटली नाही!"

साहेबांचे कान लाल झाले. "कारागीर, काम सुरू करा!"

पाथरवटाने ताईकडे न बघता छिन्नी लावली. कोरलेलं अक्षर वरवर पुसलं जात नाही. ते जितकं खोल, तितका आजूबाजूचा दगड उतरवावा लागतो. दात-ओठ खात त्याने जुनं नाव तासून काढलं आणि भाच्याच्या नावापाशी हात थांबवला.

"थांबलात का?"

"बारीक चालत असेल तर आत्ता कोरतो. नाहीतर जागा कोरी राहील. माझ्या हाताने पोर दुसऱ्यांदा मरणार नाही."

"दुसरा पाथरवट आणीन!"

"आणा. आधी ताईला बाजूला करावं लागेल त्याला."

ताई खाली वाकली. जुन्या नावाच्या कपच्या तिने ओंजळीत भरल्या आणि साहेबांच्या मोटारीवर खडखडा ओतल्या.

"ज्यांचं होतं त्यांना पोचतं करा," ती म्हणाली, आणि शिळेला पाठ लावून बसली.