पट्ट्यावरचे खेकडे, वाळूतले खेकडे

प्रयोगशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर खेकडे असे पळायचे की बघणाऱ्यालाच धाप लागावी. पाय उचलेनासे होईपर्यंत त्यांना पळवायचं आणि वेग मोजायचा, हे ताईचं काम. तिथे सगळेच तिला ताई म्हणत. आता त्याच जातीचे खेकडे मोकळ्यावर किती पळतात ते बघायला ती रोज किनाऱ्यावर येऊन बसत होती. ऊन डोक्यावर आलं होतं, कंबर भरून आली होती, आणि खेकडे मात्र निवांत होते. थोडं तिरकं जायचं, थांबायचं, वाळू चिवडत खायचं, पुन्हा जरा सरकायचं. पट्ट्यावरचा वेग एकानेही दाखवला नव्हता. ती मुद्दाम अंगावर धावून गेली, तर ते जवळच्या बिळात शिरून मोकळे झाले.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या सरांचा फोन आला. "पलीकडच्या किनाऱ्याचं कामही तुम्हीच घ्या. तुम्हाला जमतं, म्हणून तर सांगतोय."

यावर ताई दर वेळी हो म्हणत आली होती. घरीही सासूबाईंचं आजारपण, नणंदेचं बाळंतपण, सगळं 'तुला जमतं' म्हणूनच तिच्या गळ्यात पडलं होतं.

"जमेल, सर," ती म्हणाली. "पण मी घेणार नाही."

सर म्हणाले, "बरं. बघतो दुसरं कोणी."

आभाळ कोसळेल असं तिला वाटलं होतं. तिने फोन पिशवीत टाकला, चपला काढल्या आणि दुर्बीण मांडीवर ठेवून ती नुसतीच डोळे मिटून बसली.