कागदावरचे चार अंश

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. पण माझ्या पोटात कुणी कधी आइस्क्रीम ठेवलं नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी लहान मुलांच्या लसी सांभाळतो. गावाचं नाव सांगत नाही, साहेब लोक मनाला लावून घेतात.

लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, नाहीतर ती वाया जाते. तरुणपणी मी अख्खा तालुका गार ठेवला असता. "बर्फाचा डोंगरच हाय!" असं नर्स शकुबाई कौतुकानं म्हणत. आता उसाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, माझा घसा घरघरतो आणि तापमानाचा काटा चढू लागतो. तेव्हा माझ्या जिवाचं पाणी होतं. बर्फाचं आधीच झालेलं असतं.

माझ्या दारावर तक्ता लावलाय. रोज दोनदा काटा बघून आकडा लिहायचा. औषधं देणारे सोपानराव भारी टापटिपीचे. ते एक तारखेलाच सगळा महिना भरून टाकतात. चार, चार, चार.

"सोपानराव, काल अकरावर गेलता काटा. खरं लिवा की!"

"बाई, खरं लिवलं की नोटीस येती. फ्रिजला न्हाय, मला."

यंदा, १९९९ साली, बाहेरून कर्ज काढून सरकारी दवाखाने सुधारायची योजना आली. आमच्या भागाला एकच नवा फ्रिज मिळणार होता. वीस एप्रिलला साहेब तपासायला आले. शकुबाईंनी माझं दार उघडलं. "साहेब, बघा, दहा!"

"एका दिवसाचं काय घेऊन बसलात, बाई? रेकॉर्ड बघा ना. चार अंश, अगदी तीस तारखेपर्यंत!"

साहेबांनी खाली सही केली. नवा फ्रिज शेजारच्या केंद्राला गेला. तिथल्या तक्त्यावर खरे आकडे होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, बुधवार, लसीचा वार. शकुबाईंनी गोवराच्या सगळ्या लसी बाद केल्या. सांगवीची मेघना नऊ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन उभी होती.

"मागच्या बुधवारीबी ह्येच म्हणला. आमच्या गल्लीत गोवर निघालाय, बाई. पोर घिऊन मी जाऊ कुठं?"

सोपानरावांनी मे महिन्याचा कोरा तक्ता काढला होता. पेन उघडून ते तसेच बसून राहिले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगही देऊ नका. काटा अकरावर असेल तर अकरा लिहा. म्हातारा तापलाय हे कागदावर आलं, तरच त्याच्या जागी दुसरा येईल. तेवढं लवकर करा. मेघनाचं पोर आज लस न घेताच सांगवीला परत गेलंय.