शेऱ्याचा रकाना

बँकेची जुनी संगणक प्रणाली बंद करून सगळे ग्राहक नव्या प्रणालीत न्यायचे, हे माझं काम. नियम माझाच होता: माहितीच्या ज्या रकान्याला मालक नाही, म्हणजे कुठलाच विभाग ज्याची जबाबदारी घेत नाही, तो नव्या घरी येणार नाही. अठरा महिने मी एकेका रकान्यावरून सगळ्या विभागांशी भांडले. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे.

शेवटी उरला ‘शेरा’. काउंटरवरच्या माणसानं ग्राहकाबद्दल चार शब्द लिहायची जागा. कायदेवाले म्हणाले, असलं खाजगी काही पुढे नेता येणार नाही. मी ‘वगळा’ लिहून सही ठोकली. शनिवारी जुनी प्रणाली कायमची बंद होणार होती.

मंगळवारी आमची डेटावाली एका शाखेतले शेरे घेऊन आली. तिला आम्ही गाळणी म्हणतो, तिच्या हातून खडा सुटत नाही. म्हणाली, निदान वाच तरी.

‘आजींना कमी ऐकू येतं, समोर बघून बोला.’ ‘सही थरथरते, परत पाठवू नका.’ ‘मुलगा नुकताच गेला, फॉर्म आपणच भरा.’

हे लिहिणारे माझे बाबा होते. त्या शाखेत ते एकतीस वर्षं काउंटरला होते. काउंटर कमी करायची योजना मी मांडली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मग लोकांनी बोलायचं कुणाशी?” मी लागट बोलले. तिथून जो अबोला धरला, तो चार वर्षं, शेवटपर्यंत. माघार घेणं दोघांच्याही रक्तात नाही. काउंटर कमी झाल्यावर त्यांना आत मागच्या टेबलावर बसवलं; गेल्या वर्षी, निवृत्तीच्या आधीच, ते गेले. त्यांचा आवाज ऐकावासा वाटतो, जेवताना, लिफ्टमध्ये, कुठेही.

माझं खातं लहानपणापासून त्याच शाखेत. मी गाळणीला माझा शेरा काढायला सांगितला. त्यांनी माझ्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. रागाचं असलं तरी चाललं असतं.

तिनं वाचलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि चहाचं निमित्त करून उठून गेली.

‘मुलगी आहे. फोन करत नाही. आली तर बसवून ठेवा, मी मागेच आहे.’

तारीख अबोल्याच्या दुसऱ्या वर्षातली होती. त्यानंतरही दोन वर्षं ते तिथेच मागे बसत होते, आणि मी एकदाही गेले नाही. माझी सगळी कामं मोबाईलवरच व्हायची. ती सोयही मीच केली होती.